मोबाइल घरात आला, वाट दाखवणारा कधी येणार?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या वस्तीत दोन दिवस पेढे वाटण्यात जातात आणि तिसऱ्या दिवसापासून धावपळ सुरू होते. कुणी झेरॉक्सच्या दुकानात, कुणी तहसील कचेरीत, कुणी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत. संध्याकाळी मी कचेरीतून घरी आलो की ओट्यावर कुणी ना कुणी आई-बाप बसलेले असतात. हातात गुणपत्रिका आणि तोंडी एकच प्रश्न, "भाऊ, पोरीला आता कुठं घालू?"

मी काही या विषयातला तज्ज्ञ नव्हे. एका कचेरीत लिपिक आहे. परिपत्रके वाचणे, फायली लावणे, तारखा सांभाळणे हे माझे रोजचे काम. पण गेली काही वर्षे आम्ही काही कार्यकर्ते मिळून दर रविवारी विहारात मुलांना पुढील शिक्षणाची माहिती देतो. त्या कामात जे पाहिले, जे चुकले आणि जे थोडेफार जमले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

आधी माझी स्वतःची गोष्ट सांगतो. १९९७ साली मी बारावी झालो. वडील रेल्वेत गँगमन, आई भाजी विकायची. मी कॉमर्सला गेलो, ते हिशेबाची आवड होती म्हणून नव्हे. आमच्या चाळीतला थोरला मुलगा कॉमर्सला होता आणि त्याची जुनी पुस्तके मला फुकट मिळणार होती, म्हणून! सी.ए. नावाची परीक्षा असते, तिच्यासाठी बारावीनंतरच नाव नोंदवता येते, हे मला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी कळले. तेही कॅन्टीनमध्ये, दुसऱ्यांच्या गप्पांतून. ज्यांच्या घरात काका-मामा शिकलेले होते त्यांना ते चौथ्या-पाचव्या वर्गापासून ठाऊक होते. आमच्या घरात विचारायला कुणी नव्हते. माहिती होती, पण ती कॉलेजच्या नोटीस बोर्डावर, काचेच्या आत आणि इंग्रजीत होती.

आज तो नोटीस बोर्ड प्रत्येकाच्या खिशात आला आहे. मग आमच्या मुलांचे प्रश्न सुटले का?

काय काय उपलब्ध आहे?

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे खरे होणार नाही. मुंबई महानगरात अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन होऊ लागले आणि २०२५ साली ही पद्धत साऱ्या महाराष्ट्राला लागू झाली. २०१५ च्या जुलै महिन्यात केंद्राच्या श्रम मंत्रालयाने 'नॅशनल करिअर सर्व्हिस' हे पोर्टल सुरू केले. त्यावर नोकऱ्यांची माहिती तर असतेच, शिवाय करिअर समुपदेशनाचीही सोय आहे आणि नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. २०१६ साली महाराष्ट्रात दहावीच्या मुलांची संगणकावर कलचाचणी घेण्यात आली. २०२० साली, कोरोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद असताना, राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने युनिसेफच्या साहाय्याने 'महाकरिअर पोर्टल' काढले. नववी ते बारावीच्या मुलामुलींना निरनिराळे व्यवसाय, कॉलेजे, प्रवेश परीक्षा आणि शिष्यवृत्त्या यांची माहिती एका ठिकाणी मिळावी हा त्यामागचा हेतू. केंद्राचे 'स्वयम्' आहे, त्यावर घरबसल्या अभ्यासक्रम शिकता येतात. शिष्यवृत्तीसाठी 'महाडीबीटी' आहे. इंजिनियरिंग, फार्मसी, नर्सिंग, कायदा यांच्या प्रवेश परीक्षा आणि प्रवेशफेऱ्यांसाठी राज्याच्या सीईटी सेलचे संकेतस्थळ आहे. आयटीआयचे प्रवेशसुद्धा आता ऑनलाइनच होतात.

म्हणजे दुकान मालाने भरलेले आहे. पण गिऱ्हाईकाला कुठल्या फळीवर काय ठेवले आहे हेच ठाऊक नाही. आणि पलीकडे उभे राहून सांगणाराही कुणी नाही.

एक फॉर्म परत आला

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतली एक मुलगी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली. वडील नाक्यावरचे बिगारी, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलीला व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा म्हणून वडील तिला घेऊन सायबर कॅफेत गेले. घरात एकच मोबाइल, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. ई-मेल तर कुणाचाच नव्हता. दुकानदाराने स्वतःचा नंबर आणि स्वतःचाच ई-मेल टाकून फॉर्म भरला, पैसे घेतले, पावती दिली. पावती आईने देव्हाऱ्याजवळ, बुद्धमूर्तीच्या खाली जपून ठेवली. घरचे निर्धास्त झाले.

दीड महिन्याने तो फॉर्म दुरुस्तीसाठी परत आला. जोडलेला उत्पन्नाचा दाखला आदल्या वर्षीचा होता, एवढीच चूक. दहा मिनिटांत दुरुस्त होणारी. पण फॉर्म परत आल्याचा मेसेज गेला दुकानदाराच्या मोबाइलवर. त्याच्याकडे अशा शेकडो मुलांचे मेसेज येत असणार. त्याने तो पाहिला नाही, पाहिला असला तरी कुणाला कळवायचे हे त्याच्या लक्षात राहिले नसेल. मुदत संपून गेली. जानेवारीत कॉलेजने फी मागितली तेव्हा घरात प्रकार समजला. आईचे कानातले गहाण पडले आणि मुलीचे ते वर्ष कसेबसे निभावले.

त्या रात्री तिचे वडील माझ्याकडे आले. रागावलेले नव्हते, खजील झालेले होते. म्हणाले, "भाऊ, सगळे म्हणतात नेटवर सगळं सापडतं. मग आमच्या पोरीचं त्यातच कसं हरवलं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुकानदाराला शिव्या देणे सोपे होते. पण त्याने पैसे घेतले ते फॉर्म भरण्याचे, आणि तो त्याने भरला होता. त्यानंतर रोज तो फॉर्म कुठवर पोहोचला हे पाहणारे माणूस त्या मुलीजवळ हवे होते. मी तिच्या घरापासून चार दारे पलीकडे राहतो. रोज कचेरीत दुसऱ्यांच्या फायली कुठे अडल्या ते पाहतो. माझ्याच गल्लीतली ही फाईल मी पाहिली नव्हती. ही टोचणी मला बरेच दिवस लागून राहिली.

विहारातला रविवार

त्यानंतर आम्ही चार-पाच जणांनी ठरवले की सकाळची वंदना झाली की विहारात दोन तास मुलांसाठी बसायचे. साधने फार नाहीत. एक जुना लॅपटॉप, कार्यकर्त्यांचे मोबाइल, भिंतीवर एक टीव्ही आणि एक वही. वहीत प्रत्येक मुलाचे एक पान. त्या पानावर मुलाचे नाव, इयत्ता, कुठला फॉर्म भरला, अर्जाचा क्रमांक, शेवटची तारीख, आणि "शेवटचे कधी उघडून पाहिले" असा एक रकाना. हा शेवटचा रकाना त्या मुलीमुळे आला.

पहिले काम म्हणजे प्रत्येक मुलाला स्वतःचा ई-मेल काढून देणे. नंबर द्यायचा तो घरातल्याच कुणाचा तरी, आणि तो आधारला जोडलेला, कारण ओटीपी त्यावर येतो. पासवर्ड मुलाने स्वतःच्या वहीत लिहायचा, दुकानदाराच्या नव्हे. दुसरे काम, पोर्टल उघडून मुलाच्या बरोबर बसून वाचणे. आम्ही बटणे दाबत नाही, दाबायची ती मुलानेच. अडले तर शब्द सांगायचा. 'डोमिसाइल' म्हणजे अधिवास, 'सेंड बॅक' म्हणजे दुरुस्तीसाठी परत, 'फ्रीझ' म्हणजे मिळालेली जागा पक्की केली आणि पुढच्या फेरीतून बाहेर पडलो. हे शब्द न कळता बटण दाबले तर वर्ष हातचे जाते.

तिसरे काम आम्हाला नंतर सुचले आणि तेच सर्वांत उपयोगी ठरले. आपल्या वस्तीतून शिकून बाहेर पडलेली मुले आज कुठे कुठे आहेत. एक जण बंगळुरूला कंपनीत आहे, एक मुलगी पुण्यात मोठ्या रुग्णालयात नर्स आहे, एक जण आयटीआय करून रेल्वेत इलेक्ट्रिशियन झाला. त्यांना दर आठवड्याला कल्याणला बोलावणे शक्य नाही. पण रविवारी अर्धा तास व्हिडिओ कॉलवर यायला कुणी नाही म्हणत नाही. टीव्हीवर त्यांचा चेहरा दिसतो आणि मुले, त्यांचे आई-बाप प्रश्न विचारतात.

नर्स झालेली मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिने अभ्यासक्रमाची माहिती दिली. जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा, त्यासाठी राज्याची वेगळी सीईटी. मुली मान डोलवत होत्या. मग मागच्या सतरंजीवर बसलेल्या एका बाईंनी पदर सावरत विचारले, "बाई, रातपाळी असती म्हणे. सुटल्यावर पोरगी घरी कशी येते?" क्षणभर सगळे गप्प झाले. कारण घरोघरी मुलींचे नर्सिंग याच प्रश्नावर अडले होते आणि तो कुणी बोलून दाखवत नव्हते. टीव्हीवरची मुलगी हसली नाही. तिने सांगितले की रातपाळी सकाळी सुटते, उजाडल्यावर. शिकताना मुली हॉस्टेलवर राहतात. आणि पहिल्या महिन्यात मीही रडले होते, मावशी. त्या बाईंची मुलगी आज नर्सिंगला आहे.

हे उत्तर कुठल्या पोर्टलवर लिहिलेले असेल? तंत्रज्ञान नसते तर पुण्यातली ती नर्स आमच्या विहारात आली नसती हे जितके खरे, तितकेच हेही खरे की तिच्या जागी नुसते पोर्टल असते तर त्या बाईंनी प्रश्नच विचारला नसता.

आणखी एक मुलगा. दहावीला जेमतेम पास. वडिलांचा हट्ट इंजिनियर करण्याचा, आयटीआयचे नाव काढले की त्यांना कमीपणा वाटे. आम्ही स्क्रीनवर त्यांना वाट दाखवली. दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा मार्ग आहे, आणि डिप्लोमा झाला की इंजिनियरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. शिवाय मधल्या काळात अप्रेंटिसशिप केली तर विद्यावेतन मिळते. दार लहान आहे, पण आतल्या जिन्याने वरच्या मजल्यावर जाता येते. वडील बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलंच नाही."

सगळेच जमते असे नाही. कधी नेट चालत नाही, कधी ऐन शेवटच्या तारखेला पोर्टलच बसते. काही रविवारी तीनच मुले येतात. काही मुले फॉर्म भरून जातात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत. तरीही आम्ही बसतो.

मोबाइल कुणाच्या हाती?

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा २०२४ चा अहवाल बोलका आहे. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येतो. पण आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरणारे सुमारे ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे सुमारे ७६ टक्के. ज्यांना वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा स्मार्टफोन असलेले मुलगे सुमारे ३६ टक्के, तर मुली सुमारे २७ टक्के. शहरातल्या आपल्या वस्त्यांमध्ये डोळे उघडून पाहिले तर चित्र फारसे वेगळे दिसणार नाही. मुलाच्या हातात मोबाइल असतो आणि मुलीला "दादाकडून माग" म्हणून सांगितले जाते. मग तिची शेवटची तारीख दादाच्या क्रिकेटच्या सामन्यात निघून जाते. म्हणून आमच्या विहारात नियम आहे की पहिला तास मुलींचा. पालकांनी घरातही रोज अर्धा तास मोबाइल मुलीच्या हाती द्यावा, आणि तोही काम सांगण्याआधी.

सावध राहा

मोबाइलवर 'शंभर टक्के नोकरीची हमी' देणाऱ्या जाहिराती येतात. हमी देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. कोर्सला मान्यता कुणाची? फी परत मिळण्याचा नियम लेखी आहे का? गेल्या वर्षी शिकलेल्या दोन मुलांशी बोलायला मिळेल का? उत्तर टाळले तर उठून या.

संकेतस्थळाचा पत्ता तपासा. सरकारी पत्ते बहुधा 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असे संपतात. सीईटी सेलचा पत्ता मात्र 'महासीईटी डॉट ओआरजी' असा आहे, त्यामुळे तो नीट अक्षर लावून वाचावा. ओटीपी कुणालाही फोनवर सांगू नये.

हल्ली मुले मोबाइलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटला सगळे विचारतात. तो मराठीत गोड बोलतो, अवघड इंग्रजी सूचना सोपी करून सांगतो, त्याचा उपयोग जरूर करावा. पण तारीख, फी, पात्रता यांबाबत तो बिनदिक्कत चुकीचेही सांगतो. त्याचे ऐकून घ्यावे आणि मूळ सूचना उघडून पडताळावे. कलचाचणीचेही तसेच. मुलाचा ओढा कुठे आहे याची ती एक खूण असते. तो काही कपाळावरचा लेख नव्हे.

प्रत्येक घरात एक फाईल हवी

पालकांनो, आजच एक साधी फाईल आणा आणि तिच्यात पुढील कागद लावायला सुरुवात करा.

मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार कार्ड, अधिवासाचा दाखला. बँकेचे पासबुक, आणि ते खाते आधारला जोडल्याची खात्री, कारण शिष्यवृत्तीची रक्कम थेट खात्यात जमा होते. चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला. मागच्या वर्षीचा चालत नाही हे आमच्या वस्तीने दागिने गहाण टाकून शिकले आहे. शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा असते, २०२४ साली ती अडीच लाख रुपये होती. त्याहून उत्पन्न जास्त असेल तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी फ्रीशिपची वेगळी योजना आहे. दरवर्षी मर्यादा तपासून घ्यावी.

मुलाच्या नावाचा जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी हे प्रमाणपत्र लागते आणि सर्वांत जास्त मुले इथेच अडतात. निकालाची वाट पाहू नका. मुलगा अकरावी-बारावीला असतानाच कॉलेजकडे चौकशी करून अर्ज करा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा महत्त्वाचा असतो. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आजोबा-पणजोबांच्या शाळेतली नोंद शोधा, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी पाहा. वडिलांचे किंवा सख्ख्या चुलत्याचे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम बरेच हलके होते. केंद्रीय संस्थांत प्रवेश घ्यायचा असेल तर जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आहे ना, हेही पाहा. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. त्यासाठी समाजाला किती वर्षे लढावे लागले ते जुन्या मंडळींना विचारा. एवढ्या कष्टाने मिळालेला हक्क एका कागदापायी सोडायचा काय?

शेवटी फाईलच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर मुलाचा ई-मेल, अर्जाचे क्रमांक, तारखा लिहा. दर सोमवारी रात्री जेवणानंतर पोर्टल उघडून फॉर्म कुठवर आला ते पाहा. दहा मिनिटांचे काम आहे.

केळुसकर गुरुजी आठवावेत

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरले होते. सत्काराच्या सभेत त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे इंटरनंतर शिक्षण थांबायची वेळ आली तेव्हा गुरुजींनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले.

बुद्धी बाबासाहेबांचीच होती, मेहनतही त्यांचीच. पण बडोद्याला शिष्यवृत्ती मिळू शकते हे ठाऊक असणारे आणि हात धरून तिथवर नेणारे एक माणूस योग्य वेळी शेजारी उभे राहिले.

आज बडोद्याचा दरबार मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. दार उघडायला पासवर्ड लागतो, एवढाच फरक. आपल्या गल्लीतल्या, आपल्या चाळीतल्या एका तरी मुलाशेजारी आपण बसावे. शिक्षक, कारकून, परिचारिका, बँकेतले शिपाई, कॉलेजात शिकणारी मोठी भावंडे, ज्यांना म्हणून वाचता येते त्यांनी बसावे. विहाराचे दार रविवारी उघडे असतेच.

आमच्या वस्तीतल्या त्या मुलीला पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली. आईचे कानातले सुटले. आता रविवारी ती स्वतः लॅपटॉपसमोर बसते आणि नव्या मुलांना पहिला प्रश्न विचारते, "नंबर कुणाचा टाकलाय?"

जय भीम!